झुमरेताचा वर्ग आणि कॉफीचे अकरा पुडे

शुक्रवारी सकाळी मी पिटा, म्हणजे पातळ पिठात सारण गुंडाळून भाजतात ती, करायला घेतली होती. पीठ मळून, वरून तेल लावून अर्धा तास झाकून ठेवलं होतं. आता ते जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर पसरून चारी बाजूंनी ताणत होते. या कामात घाई चालत नाही. हात पिठाखाली घालायचे, बोटांनी नाही, मुठींच्या पाठीनं हळूहळू ओढायचं आणि टेबलाभोवती फिरत राहायचं. खालच्या चादरीवरची निळी फुलं पिठातून दिसायला लागली, की झालं. फुलं दिसायला लागली होती, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही. लोटायचं, उंबऱ्यात बूट काढायचे आणि "आहे का गं कुणी?" असं म्हणत थेट स्वयंपाकघरात यायचं. टकटक करतो तो पोस्टमन, तोही सहीचं पत्र असेल तर. नाहीतर कुणी गेल्याचा निरोप आणणारा.

"बघ गं, कोण गेलं," आतून एक्रेम म्हणाला. नवऱ्याच्या हातात पेपर असला की त्याला शेजारचं घर पडलं तरी उठवत नाही.

मी पिठाचे हात वर धरून कोपरानं दार उघडलं. दारात झुमरेता उभी होती.

झुमरेता म्हणजे बावीस वर्षांपासूनची माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या कुंपणातल्या दोन फळ्या कधीच्याच काढून टाकल्या आहेत, कारण रस्त्यानं फिरून यायला दोघींनाही कंटाळा. ती येते ती मागून, घरातल्या सपाता घालून, बहुतेक वेळा हातात एखादं झाकलेलं भांडं घेऊन. आज ती पुढच्या दारात होती. जत्रेत दुकान मांडते तेव्हाचा निळा कोट, केस नीट बसवलेले, काखेत हिरवी फाइल, पायात बूट आणि बुटांवर बर्फ.

"या अल्ला! कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी नाही गेलं. नमस्कार, वास्विया."

ती मला नावानं हाक मारते ती फक्त दोनदा: रागावली की आणि डॉक्टरकडे बरोबर ये म्हणायचं असलं की.

"मग दार काय वाजवतेस? आत ये. कॉफी ठेवते."

"आत येणार नाही. कामासाठी आलेय."

"काम असू दे की. बूट काढ आणि ये, माझं पीठ वाळतंय तिकडं."

"वाळू दे जरा. इथूनच बोलते."

विजेचं मीटर बघायला येतो ना, तो माणूससुद्धा आमच्याकडे बूट काढून दोन घोट घेतल्याशिवाय जात नाही. आणि ही, जिनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या चुलीवर माझ्याच भांड्यात सूप केलं, ती माझ्या पायरीवर परक्यासारखी उभी. क्षणभर मला वाटलं, मंगळवारचं तिनं मनाला लावून घेतलं. लावून घेतलं असतं तरी तिची चूक नव्हती. कारण मंगळवारी जे बिनसलं, ते माझ्या हातून बिनसलं होतं.

पण मंगळवारकडे यायचं तर आधी झुमरेता सांगायला हवी.

ती वरच्या डोंगरातल्या गावातून लग्न होऊन बोस्नियातल्या आमच्या ग्रादाचात्सला आली, ती थेट शिवणकारखान्यात. चौदा वर्षं तिनं शर्टांना बाह्या लावल्या. फक्त डाव्या. उजव्या लावणारी तिच्या समोर बसायची. "मला अजून अख्खा शर्ट शिवता येत नाही," असं ती हसत सांगते. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा मुहारेम ट्रक घेऊन ऑस्ट्रियाच्या फेऱ्या मारत होता, मुलगी शाळेत होती आणि घरात सासूबाई. झुमरेता दोन उन्हाळे स्लोव्हेनियाच्या समुद्रकिनाऱ्यावर हॉटेलात चादरी बदलायला गेली. एका सकाळी अठरा खोल्या. परत आली तेव्हा कंबर धरूनच गाडीतून उतरली. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात सासूबाईंच्या आलुबुखारच्या झाडांखाली उभी राहून मला म्हणाली, "वास्विया, परक्याच्या चादरीला पुन्हा हात लावणार नाही. ही झाडं काय नुसती शोभेला आहेत?"

तोपर्यंत ती झाडं म्हणजे वाटण्यासाठीच होती. शरद ऋतूत तांब्याच्या मोठ्या कढईत दोन दिवस आलुबुखार आटवायचे, घट्ट काळं पेकमेझ करायचं आणि डबे भरभरून नातेवाइकांना द्यायचं. झुमरेतानं त्या वर्षी वीस बरण्या जत्रेत नेल्या. दुपारच्या आत संपल्या. नाचतच घरी आली. सासूबाई बेहिया चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं कमी, पण एक शब्द फेकला तर दोन जणी जखमी होतात. म्हणाल्या, "दुपारच्या आत संपतं ते चांगलं नसतं, स्वस्त असतं."

त्या वाक्यावर झुमरेताचा धंदा उभा राहिला म्हटलं तरी चालेल. तिनं वेळ मोजायला शिकून घेतलं. लाकूड, बरणी, झाकण आणि स्वतःचा तास, सगळं. परवाना काढला. तपासनीस आला तेव्हा एप्रन घालून दारात उभी राहिली आणि त्यानं विचारायच्या आत तिनं त्यालाच चार प्रश्न विचारले. तळमजल्यावर पांढऱ्या फरश्यांची खोली झाली. आज तिच्या बरण्या सारायेव्होच्या दुकानांत जातात आणि व्हिएन्नात राहणारी आमची माणसं सुट्टीवरून परतताना खोकीच्या खोकी नेतात.

आणि मग बायका यायला लागल्या. कुणी साबण करते, कुणी लोकरी मोजे विणते, कुणी जंगली गुलाबाच्या फळांचा मुरंबा. "झुमरेता, एकच मिनिट गं, एक विचारायचं होतं." आमच्याकडचं एक मिनिट म्हणजे तीन कॉफ्या. पहिली स्वागताची, दुसरी बोलण्याची आणि तिसरी आता उठा म्हणण्याची. तिसरी पुढ्यात आली की शहाण्या बाईनं बूट शोधायचे असतात. पण झुमरेताकडे आलेल्या बायका चौथीही प्यायच्या. येताना रिकाम्या हातानं कुणी येत नसे. शंभर ग्रॅमचा कॉफीचा पुडा, साखरेच्या चौकोनांचा डबा, फार तर बिस्किटं. पाहुणीनं असं काहीतरी आणायचंच असतं.

मोजे विणणाऱ्या साफियाला तिनं असंच बसवलं होतं. "एका जोडीला किती तास?" तर साफिया म्हणे, "तास कसले मोजायचे, टीव्ही बघत विणते." झुमरेता म्हणाली, "मग टीव्हीचे पैसे वजा कर, पण हातांचे धर." साफियानं किंमत जवळजवळ दुप्पट केली आणि रडत घरी गेली, की आता कुणी घेणार नाही. पुढच्या जत्रेत तिचे मोजे संपले. दुपारच्या आत नाही, संध्याकाळी. तेव्हा ती पुन्हा रडली, आनंदानं, आणि कॉफीचा पुडा घेऊन आली.

पण ज्या दिवशी झुमरेता वर साफियाला किंमत समजावत बसली, त्या दिवशी खाली कढई लागली. अर्ध्या दिवसाचं पेकमेझ करपलं. संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून मुलीचा फोन आला. अर्मिना तिकडे एका कचेरीत आहे. सगळं ऐकून म्हणाली, "आई, तू हे फुकट करतेस? इथं याला ग्रुप कोचिंग म्हणतात. आठ-दहा जणी, एक वेळ, एक फी. लोक रांग लावतात."

"कोच?" बेहिया आजींनी कान टवकारले. "फुटबॉलच्या पोरांना असतो तसला?"

"तसंच काहीसं, आजी."

"मग सुनेला आधी एक शिट्टी घेऊन द्या."

शिट्टीवरून आम्ही आठवडाभर हसलो. पण झुमरेताच्या डोक्यात गोष्ट बसली ती बसली.

मग गेल्या एप्रिलमध्ये झाडं ऐन फुलात असताना हिम पडलं. एका रात्रीत सगळी फुलं तपकिरी. शरदात दरवर्षीच्या एक तृतीयांशही फळ हाती लागलं नाही, आणि नाताळच्या सुमारास बरण्यांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. नेमका तेव्हाच किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलचा फोन आला. मुकादमबाई अजून तीच होती. जागा आहे, फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही सांग.

झुमरेतानं मला ते कुंपणाच्या फटीत उभं राहून सांगितलं. गळा काढला नाही की सुस्कारा टाकला नाही. "वर्गाला सहा जणी मिळाल्या तर हा हिवाळा आणि वसंत निघतो," म्हणाली. "सहा. त्या मिळाल्या की मुकादमबाईला नाही म्हणून कळवते. आणि मिळतील. मला जे येतं ते या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही."

जानेवारीभर ती तयारी करत होती. आठ मंगळवार, दर मंगळवारी दोन तास. हिरव्या फाइलमध्ये प्रत्येक मंगळवारचा वेगळा कागद. पहिला मंगळवार स्वतःच्या तासाचा. दुसरा लेबलाचा, कारण बरणीवर काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे कळणं अवघड, असं ती म्हणायची. चुलत जावा आणि मामेबहिणी 'आपल्यातच आहे, कमी लाव' म्हणतात तेव्हा काय बोलायचं, याला तिनं अख्खे दोन तास ठेवले होते. मी म्हटलं, "एवढे?" तर म्हणाली, "तुझी मोठी नणंद एकदा माझ्याकडून बरणी घेताना बघ, मग विचार."

एके दिवशी संध्याकाळी मी कचरा टाकायला गेले तर तळमजल्याच्या खिडकीत दिवा. आत झुमरेता उभी, आणि टेबलावर समोर रिकाम्या बरण्या तीन रांगांत मांडलेल्या. ती बरण्यांना शिकवत होती. हात पसरून, मध्येच एका बरणीकडे बोट दाखवून, "तू सांग बरं!" म्हणत. शेवटी फी सांगायची वेळ आली. "दोनशे मार्क." पहिल्यांदा आवाज जरा खाली गेला. मग पुन्हा. "दोनशे मार्क." सहाव्या खेपेला तो असा आला, की मीच बाहेर बर्फात उभी राहून मान हलवली, की वाजवी आहे.

मग तो मंगळवार आला. आधी एक दिवस फुकट बोलवायचं, काय शिकवणार ते सांगायचं आणि नावं घ्यायची, असं ठरलं होतं. अकरा खुर्च्या मांडल्या. टेबलावर काचेच्या सुरईत पाणी आणि ग्लास. अर्मिनानं बजावलं होतं, की फक्त पाणी, कामाच्या बैठकीत तसंच असतं.

पाच वाजता बायका आल्या. दारात बूट काढले. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत पुडा. एकेकीनं तो खिडकीच्या फळीवर ठेवला. मी कुंपणातून गेले होते, मला विकायला काही नाही, खोली भरलेली दिसावी म्हणून गेले होते, तरी माझ्याही हातात पुडा होताच. अकरा पुडे एका ओळीत उभे राहिले.

झुमरेतानं सुरुवात केली. छान बोलत होती. पण बायका अवघडून बसलेल्या. कुणी सुरईकडे बघतंय, कुणी ग्लासाकडे. रुकिया तर पहिल्याच रांगेत. तीस वर्षं गावातल्या लग्नांना बकलावा, ती अक्रोडाची पाकातली मिठाई, करणारी, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गावात कुणाचं लग्न लागलेलं नाही. ती ग्लासभर पाणी असं हातात धरून बसली होती, जणू कुणी तिला औषध दिलंय. कोपऱ्यात चुलीपाशी बेहिया आजी छताकडे बघत होत्या. मिनिटं जात होती. माझ्या कानात रुकियाचे उद्याचे शब्द आत्ताच वाजायला लागले, की अकरा जणी गेलो आणि नुसतं पाणी पाजून पाठवलं.

मला राहवलं नाही. मी उठले, चुलीवर तांब्याचं भांडं चढवलं आणि फळीवरचा पहिला पुडा फोडला.

वास सुटला आणि खोलीनं श्वास सोडला. पाठी खुर्च्यांना टेकल्या. छोटे कप फिरले, साखरेचे चौकोन फिरले आणि झुमरेतासुद्धा खुलली. तिघींचे प्रश्न तिनं तिथल्या तिथे सोडवले. रुकियाला विचारलं, "तुझ्या एका तासाचं किती धरतेस?"

"माझा तास? माझा तास नवऱ्याला पंचवीस वर्षांपूर्वी देऊन टाकला, त्यानं पावतीसुद्धा दिली नाही!" रुकिया म्हणाली आणि सगळ्या जणी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

शेवटी झुमरेतानं फी सांगितली. आवाज जराही उतरला नाही. हिरवी फाइल उघडून नावांचा कागद मध्ये ठेवला, वर पेन ठेवलं. सगळ्या म्हणाल्या, "हो हो, नक्की, इन्शाल्ला." मिठ्या मारल्या. गालाला गाल लावले. रुकिया म्हणाली, "किती दिवसांनी इतकं बरं वाटलं! पुन्हा येऊच." बूट घातले, गेल्या.

कागद कोरा होता.

झुमरेता त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी कप गोळा करायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"फी जास्त झाली का?" ती म्हणाली.

"नाही," चुलीजवळून आजी म्हणाल्या.

"मग मी वाईट बोलले?"

"बोललीस छान. मलासुद्धा नाव द्यावंसं वाटलं, आणि माझं वय शहाऐंशी."

"मग काय झालं, सासूबाई?"

आजींनी माझ्या हातातल्या कपांकडे बोट केलं. "ते झालं. वास्वियानं कॉफी ओतली, तिथंच तुझं दुकान बंद झालं. जिच्या घरी कॉफी प्यायली तिच्या हातावर पैसे ठेवायचे? ते म्हणजे तिच्या तोंडावर मारणं. त्या चिक्कू नाहीत गं, त्यांना लाज आहे. आणि पुडे आणलेच होते. त्यांच्या लेखी फिटलं."

मी कप खाली ठेवले. कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुझी नाचक्की होईल," मी म्हटलं.

"मलाही वाटलंच होतं," झुमरेता म्हणाली. "तू उठलीस तेव्हा मला हायसं वाटलं, म्हणून मी तुला थांबवलं नाही. चूक निम्मी माझी." मग ती फळीवरच्या पुड्यांकडे बघून अचानक हसायला लागली. "दहा आणि एक फोडलेला!"

"कॉफीचं दुकान काढ," आजी म्हणाल्या. "माल आलाय."

पण मी घरी निघाले तेव्हा ती हसत नव्हती. खुर्च्या एकावर एक रचत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, बरण्यांशी बोलायची तसं.

बुधवारी ती दिसली नाही. गुरुवारीही नाही. कुंपणाच्या फटीतल्या बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं. आणि शुक्रवारी ती ही अशी पुढच्या दारात, बुटांसकट.

"रागावलीस ना?" मी विचारलं.

"तूपण तेच विचार! दहा दारं झाली, दहाही जणींनी आधी 'कोण गेलं?' आणि मग 'रागावलीस का?' हेच विचारलं."

"दहा दारं?"

"मंगळवारी आलेल्या सगळ्यांची. बुधवारपासून फिरतेय." तिनं फाइल दुसऱ्या काखेत घेतली. "मंगळवारी त्या माझ्या पाहुण्या होऊन गेल्या. मग मी म्हटलं, मी त्यांची पाहुणी व्हायचं नाही. दार वाजवायचं, बूट काढायचे नाहीत, आत जायचं नाही. पायरीवर उभं राहून सांगायचं: हे माझं काम आहे, ही त्याची फी, येणार की नाही? कॉफी विचारली तर नको. दहादा विचारली, दहादा नको. वल्ला, वास्विया, कुणाला फी सांगणं सोपं आहे, कॉफीला नाही म्हणणं नाही."

"साफिया काय म्हणाली?"

"साफिया आधी रडली."

"ती रडतेच."

"मग आत जाऊन पैसे घेऊन आली. म्हणे, मोजे विकून आलेत ते तुझेच आहेत. मी म्हटलं, माझे नाहीत, तुझ्या हातांचे आहेत, आणि म्हणूनच तू मला देऊ शकतेस. पावती लिहून दिली." तिनं फाइल उघडून दाखवली. कागदावर पाच नावं होती, पाचांपुढे सह्या. "चौघी नको म्हणाल्या, तेही स्वच्छ तोंडावर. मला तेसुद्धा आवडलं. इन्शाल्लापेक्षा बरं."

"आणि दहावी?"

"रुकिया." झुमरेतानं खोल श्वास घेतला. "ती दारात, मी पायरीवर. वरून बर्फ. ती म्हणे, आत ये. मी म्हणे, नाही. ती म्हणे, तीस वर्षं बकलावा करतेय, तू मला काय शिकवणार? मी म्हटलं, बकलावा नाही शिकवणार. गेल्या उन्हाळ्यात तू नऊ लग्नांचा बकलावा केलास आणि तुझ्या खिडकीला अजून पुठ्ठा लावलेला आहे. ते का, हे शिकवीन."

"अगं बाई! असं बोललीस?"

"बोलले. मग तिनं पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बुटांकडे. म्हणाली, येत्या मंगळवारी येऊन बसते. पैसे रुमालाच्या टोकाला बांधून आणते. काम दिसलं तर गाठ सोडीन, कॉफीपार्टी दिसली तर पिऊन घरी जाईन."

रुकिया म्हणजे सहावी. म्हणजे मंगळवारी रुकियानं गाठ सोडली तर वर्ग आहे, नाही सोडली तर किनाऱ्यावरच्या हॉटेलात अठरा खोल्या आहेत. मी हे मनात जुळवता जुळवता झुमरेताच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं धास्ती नव्हती. जत्रेत पहिलं गिऱ्हाईक दुकानाकडे वळताना दिसलं की ती अशी उभी राहते, हात मागे, हनुवटी जरा वर.

"ती सोडेल," झुमरेता म्हणाली. "तिला यायचंय. तिला फक्त पाहुणी नको व्हायचंय."

"मग दुसरीकडे घे ना वर्ग. वाचनालयात खोली मिळते."

"तराजू, बरण्या, लेबलं सगळं खाली आहे. आणि सासूबाई म्हणतात, शिट्टी वाजायला लागली की मला बघायचंय. त्यांना चुलीपासून कोण हलवणार?"

"दार लावा गं!" आतून एक्रेम ओरडला. "अर्धा डोंगर घरात आला! आणि हे तुझं पीठ फाटतंय इकडं!"

"फाटू दे!" मी ओरडले. मग झुमरेताला विचारलं, "मग माझ्याकडे कशाला आलीस अशी, कोट-बीट घालून? मी काही विकत नाही. मला कुंपणातून सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"नसतं चाललं. कुंपणातून सांगितलं असतं तर तू हसली असतीस, मी हसले असते आणि दोघी विसरलो असतो." तिनं फाइल छातीशी धरली. "मंगळवारी तू ये. मला त्या खोलीत माझं एक माणूस हवंय. दारात उभी राहा, नावं घे, खुर्च्या दाखव. पाण्याची सुरई रिकामी झाली तर भर. रुकिया कुरकुरली तर कुरकुरू दे. सगळ्या गप्प बसल्या तर बसू देत, माझ्याकडे बघू नकोस, चुलीकडे तर मुळीच नको. ते गप्प बसणं मी निभावून नेईन, मी सगळा महिना बरण्यांसमोर तेच केलंय."

"येईन की. त्यात काय. अजून काही?"

"एकच मागणं आहे," झुमरेता म्हणाली. "मंगळवारी कॉफी करू नकोस."